डॉक्टर आणि औषधांचं दुकान यांच्यातला हितसंघर्ष: शोधायचा कसा, तोडायचा कसा, उरला तर सांभाळायचा कसा

दवाखान्याच्या आवारातच औषधांचं दुकान आहे. दुकानात डॉक्टरांची किंवा त्यांच्या घरच्या कुणाची भागीदारी आहे, किंवा नुसतं भाडं येतं. अशा ठिकाणी हितसंबंधांच्या संघर्षाचा विषय निघाला की पहिलं काम ठरलेलं असतं: भिंतीवर पाटी लावायची, ‘औषधं कुठूनही घेऊ शकता’. पाटी लागली की विषय मिटला असं सगळे धरून चालतात आणि पाटीमागे टक्केवारीचा करार पूर्वीसारखाच चालू राहतो.

पाटीला माझा विरोध नाही. पण तिची जागा सहाव्या टप्प्यावर आहे. आधीचे पाच टप्पे गाळून नुसती पाटी लावली तर रुग्णाचं नुकसान वाढूही शकतं. ते कसं, हे त्या टप्प्यावर सांगतो.

हा लेख स्वतःचं क्लिनिक किंवा रुग्णालय चालवणारे डॉक्टर, तिथले व्यवस्थापक आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून घ्या. हितसंघर्ष ही परिस्थिती आहे, कुणाच्या स्वभावावरचा आरोप नाही. औषध लिहिणाऱ्याला त्याच्या विक्रीतून फायदा मिळत असेल तर संघर्ष तिथे आहेच, मग डॉक्टर कितीही सचोटीचे असोत. बैठकीत ‘आमच्याकडे असं काही होत नाही’ हे वाक्य आलं की काम तिथेच अडतं. त्यामुळे प्रश्न कायम व्यवहाराबद्दल विचारा, माणसाबद्दल नको.

## तयारी: कागद आणि माणूस

सुरुवात कागदांपासून करा. आठवणीवर विसंबून केलेल्या यादीत नेमकी अडचणीची नाती राहून जातात. निदान मागच्या वर्षभराचे हे कागद एकत्र करा: जागेचा भाडेकरार, भागीदारीपत्र, कर्जाची किंवा अनामत रकमेची कागदपत्रं, डॉक्टर आणि दुकान यांच्यातल्या बँकेच्या नोंदी, पगार व बोनसचे आदेश, घाऊक विक्रेत्यांनी दिलेल्या सवलतींची पत्रकं, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याशी केलेला करार. दुकानाच्या स्टॉकची यादीही काढून ठेवा, ती सातव्या टप्प्यात लागेल.

मग लागू होणारा कायदा पाहा. नियम देशागणिक बरेच वेगळे आहेत आणि एकीकडचा रिवाज दुसरीकडे गुन्हा ठरतो. अमेरिकेत सरकारी आरोग्य योजनांच्या रुग्णांबाबत लाच देणारा आणि घेणारा दोघंही फौजदारी कायद्यात अडकतात. जर्मनीत औषध दुकानांविषयीच्या कायद्याचं ११ वं कलम दुकानदार आणि डॉक्टर यांना रुग्ण किंवा चिठ्ठ्या ठरावीक दुकानाकडे वळवण्याचे करार करू देत नाही. २०१६ पासून तिथे आरोग्यसेवेतली लाच हा स्वतंत्र फौजदारी गुन्हाही आहे. भारतात डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घ्यायला मनाई करतात. इतर डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर औषधं विकणारं खुलं दुकान डॉक्टरांनी चालवू नये असंही ते सांगतात. मात्र स्वतःच्या रुग्णाला औषध देणं, त्याची पिळवणूक होत नसेल तर, त्या नियमांना मान्य आहे. इंग्लंडमध्ये काही ग्रामीण भागांत दुकानापासून १.६ किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्या रुग्णांना डॉक्टरच औषधं देऊ शकतात. स्वित्झर्लंडच्या काही कँटनमध्ये (तिथल्या प्रांतांत) डॉक्टरांना औषधं विकता येतात, काहींत येत नाहीत.

तेव्हा दुसऱ्या कुणाचा तयार मसुदा उचलू नका. तुमच्या ठिकाणचा मूळ नियम वाचा. डॉक्टरांच्या परिषदेचा वेगळा, फार्मासिस्टच्या परिषदेचा वेगळा, दोन्ही वाचा.

हे काम कुणाकडे द्यायचं हेही आधीच ठरवा. ज्याला दुकानाच्या नफ्यात वाटा नाही आणि ज्याची नोकरी मालकाच्या मर्जीवर टांगलेली नाही, असा माणूस हवा. बाहेरचा हिशेबतपासनीस किंवा निवृत्त सहकारीही चालेल.

तपासणी: कागद गोळा झाले, नियम वाचून झाले आणि काम करणाऱ्याला पगार किंवा नफा दुकानातून मिळत नाही. तिन्हींचं उत्तर हो असेल तरच पुढे जा.

## टप्पा १: नात्यांची यादी

कोऱ्या कागदावर प्रत्येक नातं वेगळ्या ओळीत लिहा. मालकी आणि भागीदारी सगळ्यांना सुचते. सुटतं ते पुढचं: पती किंवा पत्नी, मुलं, भावंडं यांच्या नावावरचा वाटा, दुकान उभं करताना दिलेलं कर्ज, दुकानानं भरलेलं दवाखान्याचं वीजबिल, स्वागतकक्षातल्या कर्मचाऱ्याचा दुकानाकडून येणारा पगार, वैद्यकीय संमेलनांचा प्रवासखर्च, सणावाराच्या भेटवस्तू, ठरावीक कंपनीचा माल खपला की घाऊक विक्रेत्याकडून मिळणारी जादा सवलत.

उलट्या दिशेची नातीही लिहा. दुकानदार गिऱ्हाइकाला ‘त्या डॉक्टरांना दाखवा’ म्हणतो आणि त्याबदल्यात डॉक्टर चिठ्ठ्या तिकडे पाठवतात. इथे एक रुपयाही हात बदलत नाही, तरी देवाणघेवाण आहेच.

प्रत्येक ओळीपुढे चार गोष्टी भरा: फायदा कुणाला, कोणत्या स्वरूपात, कशावर अवलंबून, आणि रुग्णाला हे माहीत आहे का. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची. तिच्यासाठी एकच प्रश्न विचारा: औषधं जास्त लिहिली, महाग लिहिली किंवा याच दुकानातून घ्यायला लावली, तर ही रक्कम वाढते का? उत्तर ‘हो’ आलं की त्या ओळीवर लाल खूण करा.

नेहमीची चूक: ‘रक्कम अगदीच किरकोळ आहे’ म्हणून ओळ गाळणं. रक्कम किती, याचा विचार दुसऱ्या टप्प्यात करायचा आहे. यादीत सगळं आलं पाहिजे.

## टप्पा २: तीन गठ्ठे

यादीचे तीन गठ्ठे करा. पहिला, ताबडतोब तोडायचं: चिठ्ठीमागे कमिशन, विक्रीवर कट, ठरावीक ब्रँड लिहिल्याबद्दल भेट. यांचं कोणतंही रूप राखून ठेवण्यासारखं नाही. दुसरा, स्वरूप बदलायचं: भाडं, पगार, कर्ज, सॉफ्टवेअर. या व्यवहारांना स्वतःचं कारण आहे, फक्त रक्कम विक्रीशी जोडलेली नको. तिसरा, सांभाळायचं: जे तोडलं तर रुग्णाचीच अडचण होईल. आसपास दुसरं दुकान नाही, रात्री औषध मिळत नाही, अशा ठिकाणी डॉक्टरांच्या मालकीचं दुकान बंद करणं हा उपाय नाही.

तिसरा गठ्ठा फुगू देऊ नका. ‘रुग्णांची सोय’ हे कारण प्रत्येक ओळीपुढे लिहिता येतं. सोयीचा दावा असेल तर पुढचं दुकान किती दूर आहे, ते किती वाजेपर्यंत उघडं असतं आणि तिथे कोणती औषधं मिळत नाहीत, हे लेखी मांडा. मांडता आलं नाही तर ती ओळ दुसऱ्या गठ्ठ्यात टाका.

## टप्पा ३: पैशाचा धागा तोडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त पळवाटाही इथेच निघतात.

कमिशन बंद करायचं तर लेखी पत्रानं, तारीख घालून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन बंद करा. तोंडी बंद केलेलं कमिशन काही महिन्यांत ‘जाहिरात खर्च’ किंवा ‘सल्ला शुल्क’ म्हणून परत येतं. त्यासाठी पुढचे काही महिने बँकेच्या नोंदी तयारीत नेमलेल्या माणसाकडून पाहून घ्या.

भाड्याचा करार बदलताना अमेरिकी नियमांतल्या अटी कुठेही उपयोगी पडतील अशा आहेत: करार लेखी हवा, मुदत निदान १ वर्षाची हवी, रक्कम आधीच ठरलेली आणि बाजारभावाला धरून हवी, आणि एकमेकांकडे किती रुग्ण किंवा किती काम जातं याच्याशी तिचा संबंध नसावा. या चारही अटी एकत्र लागतात. बाजारभावाच्या दुप्पट भाडं ‘ठरलेलं’ असलं तरी ती वरची रक्कम कशाबद्दल आहे, हे दोघांनाही ठाऊक असतं. म्हणून त्याच रस्त्यावरच्या, तेवढ्याच आकाराच्या आणि औषधांशी संबंध नसलेल्या गाळ्यांची भाडी विचारा आणि ती करारासोबत नोंदवून ठेवा. ‘विक्री अमुक रकमेच्या वर गेल्यास भाडेवाढ’ असं कलम कुठे दडलंय का, ते शेवटच्या पानापर्यंत वाचून पाहा. बहुधा ते परिशिष्टात सापडतं.

पगारी डॉक्टर असतील तर त्यांच्या बोनसचं सूत्र तपासा. ‘रुग्णालयाच्या एकूण उत्पन्नावर’ असं लिहिलेलं असतं आणि त्या एकूणात दुकानाची विक्री धरलेली असते. ती वजा करा. मासिक बैठकीत डॉक्टरनिहाय औषधविक्रीचा तक्ता दाखवायची पद्धत असेल तर ती त्याच दिवशी बंद करा. तक्त्याखाली लक्ष्याचा आकडा नसला तरी प्रत्येक डॉक्टर आपलं नाव कितव्या क्रमांकावर आहे ते बघतोच.

मार्जिन कमी करणं हा दुसरा मार्ग. जपाननं औषधांच्या अधिकृत किमती वर्षानुवर्षं खाली आणत डॉक्टरांचा खरेदीभाव आणि सरकारी दर यांतली तफावत आटवली. मिळकत उरली नाही तेव्हा स्वतः औषधं देण्यातला रसही ओसरला. छोट्या रुग्णालयालाही हे जमेल: स्वतःच्या दुकानात सर्व औषधांवर सारखंच, दुकानाचा खर्च भागेल एवढंच मार्जिन ठेवा. महाग ब्रँड लिहून जास्त काही मिळत नसेल तर तो लिहायचं कारणही उरत नाही.

सावधान: नुसतं वेगळं केल्याचं दाखवून काही साधत नाही. तैवाननं १९९७ पासून औषध लिहिणं आणि देणं वेगळं करायला सुरुवात केली, पण क्लिनिकला स्वतःचा फार्मासिस्ट नेमून औषधं देणं चालू ठेवण्याची मुभा दिली. स्वतःचा फार्मासिस्ट नसलेल्या क्लिनिकमध्ये औषधांवरचा खर्च कमी झाला. ज्यांनी तो नेमला, तिथे तसा कमी झाला नाही. दुकान नातेवाइकाच्या नावावर करणं हीही त्याच जातीची पळवाट. घरात येणारा पैसा तोच राहतो.

तपासणी: पहिल्या टप्प्यातला लाल खुणेचा प्रश्न प्रत्येक ओळीला पुन्हा विचारा. तिसऱ्या गठ्ठ्याबाहेर एकही ‘हो’ उरता कामा नये.

## टप्पा ४: फार्मासिस्टला ‘थांबा’ म्हणता आलं पाहिजे

हितसंघर्ष म्हटलं की सगळे पैशाचा विचार करतात. पण डॉक्टर दुकानाचे मालक झाले की आणखी एक गोष्ट बिघडते, आणि ती माझ्या मते जास्त धोक्याची आहे: चिठ्ठीवरची दुसरी नजर जाते.

मेथोट्रेक्सेटचं उदाहरण घ्या. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चिठ्ठीत घाईनं ‘रोज एक’ लिहिलं गेलं आणि रुग्णानं ती रोज घेतली, तर अस्थिमज्जेचं काम खालावतं, तोंडात फोड येतात, संसर्ग होतो, मृत्यूही ओढवतो. ही चूक जगभर पुन्हा पुन्हा झालेली आहे. ती पकडण्याची शेवटची जागा म्हणजे औषध देणारा काउंटर. तिथे उभा असलेला फार्मासिस्ट मालकाला फोन करून ‘सर, हे रोज आहे की आठवड्यातून एकदा?’ असं विचारायला कचरत असेल, तर ती नजर असून नसल्यासारखी आहे.

यासाठी तीन गोष्टी लेखी करा. फार्मासिस्टची नेमणूक, पगारवाढ आणि बडतर्फी यांचा निर्णय औषध लिहिणाऱ्या डॉक्टरच्या एकट्याच्या हातात नसावा. शंका असेल तर औषध रोखून धरण्याचा अधिकार त्याला असावा आणि त्याबद्दल त्याच्यावर कारवाई होऊ नये. तिसरी म्हणजे शंकांची वही: तारीख, औषध, शंका काय, कुणाशी बोललो, काय ठरलं. रुग्णाचं नाव लिहायची गरज नाही, चिठ्ठीचा क्रमांक पुरतो.

वही महिन्याच्या शेवटी वाचा. शेकडो चिठ्ठ्या येऊनही ती कोरी असेल तर कुणी विचारत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ घ्या आणि फार्मासिस्टशी मालकाविना बोला.

## टप्पा ५: चिठ्ठी आणि सॉफ्टवेअर

चिठ्ठी कोणत्याही दुकानात चालली पाहिजे. वाचता न येणारं अक्षर, दुकानालाच कळणाऱ्या खुणा, शेजारच्या दुकानाशिवाय कुठेच न मिळणारा ब्रँड, यांतलं काहीही असलं तर रुग्णाचं स्वातंत्र्य कागदावरच राहतं. ब्रँडऐवजी औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहा. जागतिक आरोग्य संघटनेनं १९५३ पासून प्रसिद्ध केलेल्या याद्यांमुळे ही नावं देशोदेशी ओळखली जातात. सोबत मात्रा, प्रकार, किती वेळा, किती दिवस. काही औषधांत ब्रँड बदलणं खरोखर धोक्याचं असतं, उदाहरणार्थ अपस्माराची काही औषधं किंवा प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमससारखी औषधं. तिथे ब्रँड लिहा, पण शेजारी कारणही लिहा.

सॉफ्टवेअरकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून हे मुद्दाम पाहा. औषधाचं नाव टाइप करताना यादीत सगळ्यात वर काय येतं? तो क्रम वर्णानुक्रमे आहे की दुकानातल्या शिलकीनुसार? चिठ्ठी आपोआप आतल्या दुकानाकडे जाते का? सूचनांच्या चौकटी कुणी लिहिल्या? अमेरिकेत २०२० मध्ये प्रॅक्टिस फ्यूजन या वैद्यकीय नोंदींच्या सॉफ्टवेअर कंपनीनं १४.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. ओपिऑइड (अफूसारखी, सवय लावणारी वेदनाशामकं) बनवणाऱ्या कंपनीकडून पैसे घेऊन डॉक्टरांच्या पडद्यावर त्या औषधांकडे झुकणाऱ्या सूचना दाखवल्याचं तिनं कबूल केलं होतं. डॉक्टरांना वाटत होतं, त्या सूचना वैद्यकीय आहेत.

आतल्या दुकानाकडे आपोआप जाण्याची सोय बंद करा. चिठ्ठी आधी रुग्णाच्या हातात, कागदावर किंवा फोनवर. पुढे कुठे जायचं ते तो ठरवेल.

तपासणी: तुमची एक चिठ्ठी घेऊन ओळखीच्या माणसाला दुसऱ्या भागातल्या दुकानात पाठवा. तिथल्या फार्मासिस्टनं फोन न करता ती वाचली आणि औषध दिलं, तर हा टप्पा झाला.

## टप्पा ६: रुग्णाला सांगणं

आता पाटीची वेळ. पण आधी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहू. एका बरणीत नाणी होती. काही जणांनी त्यांची किंमत ओळखायची होती आणि बरणी जवळून पाहिलेले सल्लागार त्यांना आकडा सुचवत होते. समोरच्यानं जास्त आकडा सांगितला तर सल्लागाराला जास्त पैसे मिळणार होते. हा स्वार्थ उघड केल्यावर सल्लागारांनी आकडा आणखी फुगवला. सांगून टाकलंय, आता जबाबदारी तुमची, अशी त्यांची धारणा झाली असावी. ऐकणाऱ्यांनी मात्र आपला अंदाज पुरेसा खाली आणला नाही. पैशाचा धागा न तोडता नुसती पाटी लावण्यात धोका आहे तो हाच.

म्हणून फक्त तिसऱ्या गठ्ठ्यातली, उरलेली नाती सांगा आणि ती स्पष्ट सांगा. ‘आमचे काही व्यावसायिक संबंध असू शकतात’ या वाक्यातून रुग्णाला काहीच कळत नाही. असं लिहा:

*‘या इमारतीतलं औषधांचं दुकान आमच्या डॉक्टरांच्या मालकीचं आहे. तिथल्या विक्रीतून त्यांना नफा मिळतो. तुमची चिठ्ठी कोणत्याही दुकानात चालेल. बाहेरून औषधं घेतल्यानं तुमच्या उपचारांत काहीही फरक पडणार नाही.’*

शेवटचं वाक्य गाळू नका. रुग्णाला पैशापेक्षा जास्त भीती असते ती डॉक्टर नाराज होण्याची. हा मजकूर चिठ्ठीच्या मागेही छापा आणि तपासणी संपताना तोंडीही सांगा, कारण आजारी माणूस भिंत वाचत नाही. शक्य असेल तर सांगण्याचं काम परिचारिकेकडे द्या. डॉक्टरांनीच ‘माझं दुकान आहे’ म्हटलं की समोरच्याला ते आमंत्रण वाटतं आणि नाही म्हणणं जड जातं.

नेहमीची चूक: ‘औषधं आणून आम्हाला दाखवा’ हे फक्त बाहेरून औषधं घेणाऱ्यांनाच सांगणं. दाखवायला सांगायचं तर सगळ्यांनाच सांगा.

## टप्पा ७: मोजणं

बदल झाला की नाही हे आकडेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनं औषधलेखन तपासण्यासाठी पाच निर्देशक दिले आहेत: दर भेटीमागे सरासरी किती औषधं, किती टक्के मूळ नावानं, किती टक्के भेटींत प्रतिजैविक, किती टक्के भेटींत इंजेक्शन, आणि किती टक्के औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीतली. एका क्लिनिकसाठी १०० भेटींचा नमुना घ्या आणि तो वर्षभरातून विखुरलेला निवडा. एकाच महिन्यातल्या चिठ्ठ्या घेतल्या तर त्या हंगामातले आजारच आकड्यांत दिसतील.

या पाचांत स्वतःचे दोन घाला. एकाच उपयोगाची स्वस्त औषधं उपलब्ध असताना सगळ्यात महाग पर्याय किती वेळा लिहिला गेला? आणि लिहिलेल्या औषधांपैकी किती, आवारातल्या दुकानाखेरीज जवळपास कुठेच मिळत नाहीत? दुसऱ्या प्रश्नासाठी तयारीत काढलेली स्टॉकची यादी समोर ठेवा. जादा सवलतीचा माल आल्यानंतरच्या आठवड्यांत तेच ब्रँड चिठ्ठ्यांत वाढले असतील तर स्टॉक पाहून औषध लिहिलं जातंय.

आकड्यांची तुलना त्याच डॉक्टरच्या आधीच्या आकड्यांशी करा. मधुमेहाचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीत त्वचारोगतज्ज्ञापेक्षा जास्त औषधं असणारच. आणि आवारातल्या दुकानातून औषधं घेणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. जवळ आहे म्हणूनही लोक तिथे जातात. बाहेर पडणाऱ्या काही रुग्णांना विचारा: दुसरीकडून घेता येईल असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? बहुसंख्य ‘नाही’ म्हणाले तर सहाव्या टप्प्यावर परत जा.

## उल्लंघन सापडलं तर

तिसऱ्या टप्प्यानंतरही कमिशन चालू असल्याचं दिसलं तर कागद जपून ठेवा, मूळ नोंदी बदलू नका, आणि रक्कम गुपचूप परत करून विषय मिटवू नका. आधी वकिलाशी बोला, मग संबंधित परिषदेकडे जा. तक्रार करणारा फार्मासिस्ट किंवा कर्मचारी असेल तर त्याचं नाव चौकशी करणाऱ्यापुरतंच ठेवा. त्या काळात त्याची बदली, पगारकपात किंवा कामाच्या वेळांतला बदल मालकाला परस्पर करता येणार नाही, असा लेखी आदेश काढा.

## यादी पुन्हा कधी काढायची

वर्षातून एकदा. त्याशिवाय नवा भागीदार आला, भाडेकराराचं नूतनीकरण झालं, सॉफ्टवेअर बदललं, डॉक्टरांच्या घरातल्या कुणी औषधांच्या व्यवसायात पाऊल टाकलं किंवा जवळ दुसरं दुकान उघडलं, तर लगेच. शेवटच्या प्रसंगी तिसरा गठ्ठा आधी उघडा: ‘आसपास दुसरं दुकान नाही’ या कारणावर ठेवलेली प्रत्येक ओळ आता दुसऱ्या गठ्ठ्यात जाते.